लागेल कधीतरी

मंडईत शिळ्याला कोणी विचारत नाही. सकाळी सातला तोऱ्यात असलेली मेथी दुपारी तीनला 'घ्या ओ मावशी, दोन जुड्या घ्या' इथवर उतरते आणि दिवेलागणीला तिच्याकडे आशेने बघणारी एखादी गायच उरते. टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, कोणाच्याच गाठीला पूर्वपुण्याई नसते. कालचा भाव सांगून आज कोणी पैसे देत नाही. अशा या निष्ठुर बाजारापासून पायी दहा मिनिटांवर, बाजीराव रोडने नातूबागेकडे गेलं की एक घर लागतं. तिथे नेमका उलटा कायदा चालतो. वस्तू जितकी शिळी तितका तिचा मान मोठा. विकायला काहीच नाही, उलट नुसतं बघायचे पैसे आपण द्यायचे. मंडईत पाच रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घालणारा पुणेकर इथे मुकाट्याने तिकीट काढतो. पुणेकर मुकाट्याने पैसे देतो अशा जागा या शहरात फार नाहीत, म्हणून राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल चार शब्द लिहायला हवेत.

पण केळकरांच्या घरी शिरण्याआधी मंडईची हकीकत ऐकून घेतलेली बरी. संग्रहालयाचा नाद या भागाला आधी मंडईनेच लावला होता.

पेशवाई बुडाल्यानंतरही कितीतरी वर्षं पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. ऊन, पाऊस, धूळ, गुरं, सगळ्यांना मुक्तद्वार. मग नगरपालिकेच्या मनात आलं की शहराला छपराखालची मंडई हवी. सरदार खासगीवाल्यांची जागा घेतली, १८८२ ला काम काढलं आणि १८८६ ला पुरं केलं. आराखडा वॉल्टर ड्यूकॅट या लष्करी इंजिनिअरचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं, खर्च तीन लाखांच्या घरात. नाव दिलं ते मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. या रे साहेबांचा जन्म हॉलंडातला, सरदारकी स्कॉटलंडची, नोकरी मुंबईची आणि नाव लागलं पुण्याच्या भाजीबाजाराला. माणसाच्या नशिबात कुठली वांगी कुठे लिहिलेली असतात, सांगता येत नाही.

इमारत मात्र साहेबाने मन लावून काढली. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून आठ दिशांना निघालेले आठ लांबट सोपे. दगडी बांधणी, टोकदार कमानी, उतरती छपरं. ही गॉथिक धाटणी युरोपात देवासाठी राबवलेली. मान वर करून आकाशाकडे पाहावं, आपण किती क्षुद्र आहोत हे उमगावं, असा त्या उंचीचा हेतू. पुण्यात त्या उंचीखाली कांदे-बटाटे बसले. हेतू वाया गेला असं मात्र म्हणता येणार नाही, कारण भाव ऐकून गिऱ्हाईक अजूनही मान वर करून आकाशाकडेच बघतं. शिवाय उंच छपरामुळे वारा खेळता राहतो, कोबीचा वास वर निघून जातो आणि चारी बाजूंचा उजेड थेट मालावर पडतो. किडका भेंडा लपवायला अंधारा कोपराच मिळू नये, एवढी कडक नजर त्या आराखड्यात आहे.

या बांधकामाला विरोध करणारा एक सदस्य नगरपालिकेत होता. जोतीराव फुले. एवढा पैसा इमारतीवर ओतण्यापेक्षा लोकांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांना भाजीबाजाराचं वावडं होतं असं मुळीच नाही. वडिलांचं फुलांचं आणि भाजीचं दुकान, स्वतःची मांजरीला शेती. मंडईतल्या मालाची आणि तो पिकवणाऱ्या माणसाची त्यांच्याइतकी माहिती सभागृहात दुसऱ्या कोणाला असण्याची शक्यता नव्हती. नगरपालिकेने त्यांचं ऐकलं नाही. मंडई उभी राहिली. मग १९३८ मध्ये, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. एखाद्याचं म्हणणं फेटाळायला पुण्याला एक सभा पुरते, त्याच्या नावाची पाटी लावायला पन्नास वर्षं लागतात.

समोर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. २२ जुलै १९२४ ला मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. म्हणजे मंडई फुल्यांची होण्याच्या चौदा वर्षं आधी टिळक तिथे येऊन उभे होते. दोघांचे विचार जुळण्यातले नव्हते. कोल्हापूरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांच्या जामिनाची तजवीज मात्र फुल्यांनीच करून दिली होती. मतभेद आणि जामीन या दोन गोष्टी त्या पिढीला वेगवेगळ्या ठेवता येत. आता एकाच्या नावाच्या मंडईला दुसऱ्याचा पहारा आहे, आणि मधल्या जागेत रिक्षावाले, फुलवाल्या आणि केळीवाले यांचं चाललेलं असतं. मंडईच्या या कट्ट्याला लोक 'मंडई विद्यापीठ' म्हणतात. इथे प्रवेशाला अट नाही, परीक्षा नाही आणि कुलगुरू सगळेच.

तर याच इमारतीत रे साहेबांच्या नावाचं एक औद्योगिक संग्रहालयही होतं. खाली घेवडा, आणि त्याच छपराच्या आश्रयाने देशातल्या उद्योगांचे, कारागिरीचे नमुने. पुढे ते तिथून हललं, घोले रोडला गेलं आणि कालांतराने तेही महात्मा फुले वस्तुसंग्रहालय झालं. रे साहेबांची पुण्यातली दोन्ही घरं अशी फुल्यांच्या नावावर चढली. सातबाऱ्यावर इतका सुबक फेरफार क्वचितच बघायला मिळतो.

साहेबाच्या संग्रहालयामागचं डोकं व्यापाऱ्याचं होतं. काय पिकतं, काय बनतं, कशाला गिऱ्हाईक मिळेल, हे एका छताखाली मांडून ठेवायचं. उपयोगाच्या वस्तूंचं ते दालन. आणि त्याच पेठेत काही दशकांनी एका पुणेकराने आपल्या घरात बरोबर विरुद्ध उद्योग आरंभला. ज्यांचा उपयोग संपला, ज्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, अशा वस्तू गोळा करायच्या.

दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. अख्खं पुणं त्यांना काका म्हणे. धंदा चष्म्यांचा आणि छंद कवितेचा, 'अज्ञातवासी' या नावाने. चष्मा आणि कविता हे दोन्ही उद्योग पोटापाण्याच्या दृष्टीने एकमेकांना फारशी मदत करत नाहीत, पण नजरेच्या दृष्टीने करत असावेत. १९२० च्या सुमारास, म्हणजे भरात असलेल्या इंग्रजी राज्यात, त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या काळात जमवायचीच झाली तर माणसं नाणी जमवत, पोथ्या जमवत, फार तर तलवारी जमवत. तलवारीला इतिहास असतो हे सगळ्यांना मान्य असतं. काकांनी समया, अडकित्ते, दौती, कुलपं, पानाचे डबे, खिसण्या आणि टाचा घासायच्या वज्री जमवल्या. वज्रीला इतिहास असतो हे कोणाला पटवायचं म्हणजे आधी त्या माणसाच्या टाचांपर्यंत जावं लागतं.

इथे मला त्यांच्या पत्नी कमलाबाईंचा विचार टाळता येत नाही. या वेडाला त्यांची साथ होती, हे पुण्याला ठाऊक आहे. साथ हा शब्द लिहायला अडीच अक्षरांचाही नाही. पण नवरा परगावाहून येतो, हातात पिशवी जड दिसते, बाईंना वाटतं घरात काही सामान आलं, आणि पिशवीतून निघतो एक लामणदिवा. तेलाला पैसे लागतील ते वेगळेच. घरात आधीचे दिवे कमी आहेत का, हा प्रश्न कुठल्याही सुज्ञ गृहिणीच्या ओठावर येईल. हा प्रसंग मी रचलेला आहे, पण ज्या घरात वीस हजारांच्या वर वस्तू येऊन पडल्या त्या घरात तो कधीच घडला नसेल यावर माझा विश्वास नाही. कमलाबाईंनी तो प्रश्न गिळला असेल तर या संग्रहालयाचा एक मजला त्यांच्या नावे मोजायला हवा.

आमच्या घरातही संग्रहाची वृत्ती होती, फक्त तिला संग्रह म्हणत नसत. आजीचं एक वाक्य होतं: 'असू दे, लागेल कधीतरी.' त्या वाक्याच्या आधारावर आमच्या माळ्यावर एक झाकण नसलेला पितळी डबा, एक डबा नसलेलं पितळी झाकण, दांडी निखळलेला तराजू, लाकडी पाळण्याचे दोन पाय आणि कोणाच्या तरी मुंजीतला पाट वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. ते झाकण त्या डब्याला बसत नसे. बसलं असतं तर दोन्ही वापरात येऊन केव्हाच झिजून गेले असते. न बसल्यामुळे टिकले. पुण्यातल्या निम्म्या माळ्यांवर हेच शास्त्र चालू असे. फरक इतकाच की आजी वस्तू ठेवून घेई आणि विसरे, काका ठेवून घेत आणि नोंद करत.

या वस्तू एकाएकी निरुपयोगी का झाल्या, याचं कारण घराघरात शोधावं लागतं. वीज आली, समई देवापुरती उरली आणि लामणदिव्याला टांगायला काम राहिलं नाही. अॅल्युमिनियम आलं, मागून स्टेनलेस स्टील आलं, आणि कल्हईवाल्याची वाट बघायला बायका कंटाळल्या. तांब्या-पितळेचं भांडं घासायला चिंच लागते, कल्हई करायला निखारा आणि नवसागर लागतो, आणि एवढं करून पंधरवड्यात ते पुन्हा काळवंडतं. स्टीलचा वाडगा आयुष्यभर एकाच निर्विकार चेहऱ्याने चमकतो. फाउंटनपेन खिशाला लागलं आणि दौत-टाक खाली उतरले. विडा लावणं ही घरातली रोजची मैफल होती. सुपारी पानपट्टीवाल्याकडे गेली आणि अडकित्त्याचे दोन्ही पाय मिटले. वस्तू वाईट झाल्या नव्हत्या. त्यांच्या भोवतीची कामं उठून गेली होती.

त्यात घरं बदलली. जुना पुणेरी वाडा हा आत बघणारा माणूस. रस्त्याला भिंत, भिंतीत दार, दारात दिंडी. आत देवडी, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू. घडीव दगडाचं जोतं, त्यावर लाकडाचा सांगाडा, विटा, चुना, वर कडीपाट. चौकातून ऊन आणि पाऊस थेट घरात यायचे आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे. इंग्रजी अमलात सरदारांचं उत्पन्न आटलं, वाड्यांत बिऱ्हाडं आली, एका चौकाला चार चुली लागल्या. रस्त्याकडे खिडक्या उघडल्या, ओतीव लोखंडाचे कठडे आले, काचा आल्या, कौलं आली. घर बाहेर बघायला लागलं. बाहेर बघायला लागलेल्या माणसाला घरातली वज्री दिसेनाशी होते, त्यातलाच प्रकार.

आमचा वाडाही पुढे पाडायला निघाला. सामान काढायची वेळ आली तेव्हा बंब, घंगाळ आणि दोन पराती भंगारवाल्याने किलोवर नेल्या. तो माणूस सचोटीचा होता, वजनात त्याने एक ग्रॅमही मारलं नाही. पण घंगाळाच्या कडेवर ठोक्यांनी घातलेली वेलबुट्टी, जिच्यापायी एका तांबटाचा अख्खा दिवस गेला असेल, तिचं वजन शून्य भरलं. पाळण्याच्या साखळीवरून मात्र घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांत जुंपली. चाळीस वर्षं तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, दुसरा नेतोय म्हटल्यावर प्रत्येकाला तिच्यात आपलं बालपण दिसायला लागलं.

केळकर संग्रहालयाची इमारत तीन मजली, बाहेरून राजस्थानी धाटणीची. शुक्रवार पेठेत हवेली कशी काय, असं एखाद्याला वाटतं. पण आत शिरल्यावर कळतं की हे घर एका गावाचं नाहीच. इथे गुजरातचं कोरीव लाकूड आहे, दक्षिणेचे दिवे आहेत, पैठणच्या चित्रकथी आहेत, वाद्यं आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत. काका देशभर हिंडले आणि जिथे गेले तिथून घराचा एकेक तुकडा घेऊन आले. राहत्या घरात वस्तू येत गेल्या. घराचे दोन प्रकार असतात: माणसं राहतात आणि वस्तू त्यांच्या सोयीने कोपऱ्यात बसतात, किंवा वस्तू राहतात आणि माणसं अंग चोरून मधून जातात. हे घर पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात केव्हा गेलं असेल, त्याची नेमकी रात्र शोधता येणार नाही. बहुधा कोणीतरी पाण्याला उठलं असेल आणि अंधारात पायाला परात लागली असेल.

तिथली दारं मला फार आवडतात. दार ही वाड्यातली सगळ्यांत बोलकी जागा. चौकटीवर गणेशपट्टी, म्हणजे येणाऱ्याचं स्वागत. फळ्यांवर लोखंडी खिळे, म्हणजे येणाऱ्यावर संशय. मोठं दार थाटासाठी, त्यातली छोटी दिंडी रोजच्या जाण्यायेण्यासाठी, आणि दिंडीतून आत यायचं तर मान वाकवावीच लागते. पाहुणा मित्र असेल तर तो नमस्कार, शत्रू असेल तर मान आयती समोर. एवढा विचार आजच्या फ्लॅटच्या दाराने केलेला नाही. त्याने एक भिंग लावलं, त्यातून घंटी वाजवणाऱ्याचं नाक मोठं दिसतं. घरमालकाला एवढ्यावर समाधान मानावं लागतं.

कुलपांपुढेही थांबावं. जुन्या कारागिराचा माणसावर अजिबात भरवसा नव्हता आणि त्याने तो अविश्वास फार सुंदर करून ठेवला. काही कुलपांत किल्ली कुठून घालायची हेच चटकन समजत नाही. चोर कुलूप फोडायला आला तरी आधी त्याने आकृतीला दाद द्यावी अशी योजना.

आणि वज्री. टाच घासणं हे काम कोणी चारचौघांत करत नाही. न्हाणीघरात, दार लावून, एकट्याने करायचं. एक बाजू खरखरीत असली म्हणजे झालं. तरीही तिच्या मुठीवर मोर आहे, पोपट आहे, हत्ती आहे. कोणासाठी? पाहुण्याला दिसणार नाही, शेजारणीला दिसणार नाही. ज्या बाईने ती वापरायची तिच्यासाठी, आणि तिलाही ओल्या हातात ती किती वेळ दिसणार! अडकित्त्यांचं तेच. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात, पण इथे घोडे आहेत, पक्षी आहेत, जोडपी आहेत. घोड्याची मान दाबली की सुपारी फुटते. माझ्या मते हे सगळं संग्रहालय त्या एका फाजील घोड्यावर उभं आहे. काम साधल्यानंतरही हात थांबला नाही, त्याचा हा पुरावा. आणि तो राजवाड्यातला नाही, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला. साहेबाच्या उपयोगाच्या संग्रहालयात या घोड्याला कुठल्या रकान्यात टाकलं असतं कोण जाणे.

एका दालनात तर अख्खी इमारतच आत आणून ठेवली आहे. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला मस्तानीसाठी महाल बांधवला होता. त्याचे अवशेष काकांनी आणून इथे पुन्हा उभे केले. कोरीव खांब, महिरपी, छत, हंड्या-झुंबरं. हयातभर मस्तानीला शनिवारवाड्याच्या आसपास सुखाने राहू दिलं नाही, हे पुण्याने विसरायचं ठरवलं आहे. तिच्या महालाला मात्र दोन शतकांनी पेठेत कायमचं बिऱ्हाड मिळालं. तेही एका कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरात. यावर तेव्हाच्या पुण्यातल्या मंडळींचं मत ऐकायला मजा आली असती.

पुण्यात नवीन आलेल्यांना आणि काही जुन्यांनाही एक शंका असते: हे राजा केळकर कुठल्या संस्थानचे? केळकरांचं संस्थान कुठेच नव्हतं. राजा हा काकांचा मुलगा. तो लहानपणीच गेला आणि संग्रहाला त्याचं नाव दिलं गेलं. मुलाचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव, कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसं. पाटी वाचून संस्थान शोधणाऱ्याला मी हे सांगतो तेव्हा तो गप्प होतो आणि मग जरा हळू चालतो.

पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली घरं भांड्याकुंड्यांसकट वाहून गेली. संग्रहालय रीतसर सुरू झालं ते १९६२ मध्ये. दोन्हींचा काही संबंध नाही, मला जोडायचाही नाही. पण ज्या शहराने नुकताच एका दिवसात एवढा संसार नदीत जाताना पाहिला, त्याला काकांच्या फडताळांकडे बघताना काही वाटलं नसेल असं नाही. त्याआधी 'त्या केळकरांना भंगाराचं वेड आहे' असं म्हणणाऱ्यांपैकी काही जणांनी तरी आवाज उतरवला असेल. पुण्यात आवाज उतरवणं ही जाहीर माफीच्या बरोबरीची गोष्ट समजली जाते.

१९७५ मध्ये काकांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विकला असता तर सात पिढ्यांची सोय झाली असती, आणि परदेशातून मागणारेही भेटले असते. पुणे विद्यापीठाने पुढे त्यांना डी. लिट. दिली, पद्मश्रीही आली. १९९० मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. 'अज्ञातवासी' हे नाव त्यांना शेवटी शेवटी अजिबात शोभत नव्हतं.

आता तिथे जाणाऱ्यांबद्दल. संग्रहालयात लोक सहसा दबकून बोलतात. इथे तसं होत नाही. तलवारीसमोर माणसं गंभीर होतात, पण पुढच्या दालनात शेवयांचा सोऱ्या दिसला की एखादी काकू मोठ्याने म्हणते, 'अगं, हे आपल्याकडे होतं!' लगेच दुसरी, 'होतं कसलं, तूच दिलंस बोहारणीला, दोन स्टीलच्या वाट्यांवर.' मग त्या वाट्या किती पातळ निघाल्या, बोहारणीने कसं फसवलं आणि सासूबाईंनी त्यावरून किती वर्षं ऐकवलं, हे सगळं तिथेच काचेसमोर निघतं. पहारेकरी हसतो, कारण हे त्याने काल ऐकलेलं असतं आणि उद्याही ऐकायचं असतं. वस्तूखालच्या पाटीवर लिहिलेलं असतं शतक आणि ठिकाण. ती काकू सांगते ते असं: सोऱ्या दाबायला दोन माणसं लागत, पीठ घट्ट झालं तर एक वर चढून बसे, आणि शेवया वाळत घातलेल्या खाटेवरून चिमण्या हाकलायचं काम घरातल्या सगळ्यांत आळशी मुलाला मिळे. शाळांच्या सहली रांगेने येतात आणि धावतच जातात. त्या मुलांनी दौत कधी पाहिलेली नसते, पण परीक्षेत दौतीवर प्रश्न येणार नाही एवढं त्यांना समजलेलं असतं.

तक्रार करायची तर जागेची. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि मांडलेल्या त्यातल्या जेमतेम अडीच हजार. उरलेल्या माळ्यावर, म्हणजे सरकारी भाषेत साठवणीत. एका समयीमागे सात समया आत अंधारात उभ्या आहेत असं मनात आलं की बाहेरच्या समयीकडे बघताना जरा वेगळंच वाटतं. तिचीच निवड का झाली, आतल्या बायकांत काय बोलणं होत असेल? मोठ्या जागेची गरज आहे हे वर्षानुवर्षं बोललं जातं. पण मोठं, प्रशस्त, वातानुकूलित दालन झालं आणि या वस्तू तिकडे गेल्या, तर सोय होईल आणि घर जाईल, अशी माझी भीती आहे. अरुंद जिन्यावरून वर जाताना समोरून उतरणाऱ्यासाठी भिंतीला चिकटून उभं राहायचं, दारात मान लववायची, एका दालनातून दुसऱ्यात जाताना आपण कोणाच्या तरी माजघरातून चाललो आहोत असं वाटून आवाज किंचित कमी करायचा. हे सगळं घराचं आहे. भांडं घरात ठेवलेलं बरं दिसतं.

पुण्याला आलेला पाहुणा पहिल्यांदा शनिवारवाडा दाखवा म्हणतो. दाखवावा. १८२८ च्या आगीनंतर तिथे तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, जोती आहेत आणि हजारी कारंज्याचा कोरडा हौद आहे. बाकीचं आपण हात हलवून हवेत काढून दाखवायचं असतं. पेशवे कशाने सुपारी कातरत, त्यांच्या बायका काय घासून टाच गुळगुळीत ठेवत, यातलं तिथे काही मिळत नाही. म्हणून पाहुण्याकडे एकाच ठिकाणापुरता वेळ असला तर माझं मत नातूबागेतल्या घराला. मंडईची पिशवी भरलेली असेल तर ती आधी घरी ठेवून या, आत भाजी घेऊन हिंडता येत नाही. आणि एकटे जाऊ नका. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई बरोबर न्या, तिला बसायला मध्ये कुठे स्टूल आहे का ते दारातच विचारून ठेवा, आणि ती ज्या वस्तूपुढे थांबेल तिथे घाई करू नका.